मुलांमधली अ‍ॅड्रिनलची गाठ : आयजीएफ-२ आणि वडिलांकडून आलेलं अकरावं गुणसूत्र

मृण्मयी_प (धागाकर्ती)

‘मुली लवकर वयात येणं’ या धाग्यावर दोघीतिघींनी अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या गाठीबद्दल विचारलं होतं. दोन ओळींत उरकण्यासारखा हा विषय नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय. मी पॅथॉलॉजीत आहे आणि मुलांच्या गाठी तपासणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. ज्या घरात हा आजार येतो त्यांना नेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक मोठ्या माणसांच्या आजाराबद्दलचं असतं. मुलांमधला आजार वेगळा वागतो, आणि तो वेगळा का वागतो याचं बरंचसं उत्तर पेशींना ‘वाढा’ असा निरोप देणाऱ्या यंत्रणेत आहे.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. तिचा बाहेरचा थर म्हणजे कॉर्टेक्स. तो कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन आणि थोड्या प्रमाणात पुरुषी हार्मोन्स बनवतो. आतला गाभा म्हणजे मेड्युला, तिथे अ‍ॅड्रिनलिन बनतं. मी लिहितेय ते कॉर्टेक्सच्या गाठीबद्दल. ही गाठ फार दुर्मीळ आहे. जगभरात दर दहा लाख मुलांमागे वर्षाला ०.२ ते ०.३ एवढंच प्रमाण. बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली, त्यातही मुली जास्त.

खुणा मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या असतात. दीड-दोन वर्षांच्या मुलाला जांघेत केस, गालावर मुरुमं, मोठ्या माणसासारखा घामाचा वास, घोगरा आवाज, एकदम वाढलेली उंची. मुलीची शिश्निका किंवा मुलाचं शिश्न वयाच्या मानाने मोठं दिसतं. काही मुलांचा चेहरा गोल गरगरीत होतो, वजन वाढतं, रक्तदाब चढतो. गाठ हार्मोन्स ओतत असते म्हणून हे सगळं होतं. ‘होतं असं काही मुलांना, मोठी झाली की बसेल’ असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. एवढ्या लहान वयात असं आपोआप होत नाही, त्यामागे काहीतरी कारण असतंच.

आता आत काय चाललंय ते. पोटातल्या बाळाची अ‍ॅड्रिनल ग्रंथी शरीराच्या मानाने प्रचंड मोठी असते. तिचा मोठा भाग म्हणजे ‘भ्रूणस्तर’. तो गर्भारपणात डीएचईए-एस नावाचं हार्मोन बनवतो आणि जन्मानंतर काही महिन्यांत विरून जातो. ही ग्रंथी वाढावी म्हणून त्या काळात तिथे आयजीएफ-२ हा वाढीचा घटक भरपूर तयार होतो. इन्शुलिनशी मिळताजुळता असा हा एक छोटा प्रथिन-रेणू. जन्मानंतर त्याचं काम आटोपतं आणि प्रमाण उतरतं. लहान मुलांच्या कॉर्टेक्सच्या गाठी बऱ्याच अंगांनी या भ्रूणस्तरासारख्या दिसतात. त्याही डीएचईए-एस ओततात आणि त्यांच्यातही आयजीएफ-२ गर्भातल्यासारखाच भरभरून तयार होत असतो.

आयजीएफ-२ चं जनुक अकराव्या गुणसूत्राच्या टोकाशी, ११पी१५ या जागी आहे. आपल्याकडे अकरावं गुणसूत्र दोन प्रतींत असतं, एक आईकडून आलेलं आणि एक वडिलांकडून. बहुतेक जनुकांच्या दोन्ही प्रती काम करतात. इथे मात्र फक्त वडिलांची प्रत चालू असते, आईची बंद ठेवलेली असते. हे पहिल्यांदा उंदरांवर दिसलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डिक्यारा, रॉबर्टसन आणि एफ्स्ट्रॅटिआडिस यांनी हे जनुक मोडलेले उंदीर तयार केले आणि १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. मोडकी प्रत बापाकडून आली तर पिल्लं नेहमीच्या वजनाच्या साधारण ६० टक्के भरायची. तीच मोडकी प्रत आईकडून आली तर पिल्लं अगदी नेहमीसारखी. जनुक तेच, मोड तीच, पण ती कुणाकडून आली यावर सगळं ठरत होतं.

मुलांच्या गाठीत नेमका याच जागी घोळ होतो. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाच्या पुढाकाराने ३७ मुलांच्या गाठींचा जनुकीय अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९१ टक्के गाठींनी अकराव्या गुणसूत्राच्या या भागाची एक प्रत गमावली होती आणि गमावलेली प्रत दर वेळी आईचीच होती. तिच्या जागी वडिलांच्या प्रतीचीच नक्कल बसली होती. म्हणजे दोन्ही प्रती चालू. आयजीएफ-२ तर अपवाद न करता सगळ्याच गाठींत वाढलेला होता. हा बदल गाठीच्या आयुष्यात अगदी सुरुवातीला होतो असंही त्या अभ्यासातून दिसलं.

तयार झालेला आयजीएफ-२ पेशीच्या बाहेर येऊन त्याच पेशीवरच्या किंवा शेजारणीवरच्या आयजीएफ-१ रिसेप्टरला, म्हणजे निरोप ऐकणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो. रिसेप्टरचा आतला भाग जागा होतो, त्याच्यावर फॉस्फेट चढतात आणि निरोप प्रथिनांच्या साखळीसारख्या दोन वाटांनी आत जातो. एक पीआय३के-एकेटी-एमटॉर अशी, दुसरी रास-रॅफ-मेक-अर्क अशी. पहिली वाट पेशीला प्रथिनं बनवायला आणि तगून राहायला सांगते, दुसरी विभाजनाला ढकलते.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. मोठ्या माणसांत आयजीएफ-२ वाढलेला दिसला तर गाठ कर्करोगाची असण्याचा संशय बळावतो, कारण त्यांच्या साध्या गाठींत तो सहसा वाढत नाही. मुलांत तसं नाही. साओ पाउलोच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की मुलांच्या साध्या आणि घातक, दोन्ही प्रकारच्या गाठींत आयजीएफ-२ वाढलेला असतो. फरक दिसला तो रिसेप्टरमध्ये. घातक गाठींत आयजीएफ-१ रिसेप्टरचं प्रमाण जास्त होतं, आणि ज्या मुलांत ते जास्त होतं त्यांच्यात आजार पसरण्याची शक्यताही जास्त होती. म्हणजे मुलांच्या बाबतीत निरोप किती मोठा यापेक्षा तो ऐकणारे किती आहेत, याने जास्त फरक पडतो.

उरलेलं प्रश्न येतील तसं लिहीन.

रानवारा

वाचतोय. भ्रूणस्तराचं हे पहिल्यांदाच कळलं.

गोदाकाठ

मृण्मयीताई, मी निवृत्त जीवशास्त्र शिक्षक. मेंडेलचे वाटाणे शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे ‘वडिलांचीच प्रत चालू’ हे पचायला जड जातं. आईची प्रत बंद कशी राहते? आणि निसर्गाने अशी व्यवस्था का ठेवावी?

मृण्मयी_प

सर, बंद राहण्याची यंत्रणा बरीच उलगडली आहे. आयजीएफ-२ च्या शेजारीच एच१९ नावाचं जनुक आहे. दोघांच्या मधल्या पट्ट्यावर वडिलांच्या प्रतीत मिथाइल गट चढलेले असतात, आईच्या प्रतीत ते नसतात. आईच्या प्रतीवर त्या मोकळ्या जागी सीटीसीएफ हे प्रथिन येऊन बसतं आणि आयजीएफ-२ ला चालू करणारा पुढचा भाग त्याच्यापर्यंत पोचू देत नाही. त्यामुळे आईच्या प्रतीवर एच१९ चालतं, वडिलांच्या प्रतीवर आयजीएफ-२. डीएनएची अक्षरं दोन्हीकडे सारखीच, फरक फक्त वर चढलेल्या खुणांचा. ‘का’ याबद्दल मत असं आहे की बापाच्या दृष्टीने पिल्लू मोठं व्हावं आणि आईच्या दृष्टीने तिची ताकद पुढच्या बाळंतपणांसाठीही उरावी, या ओढाताणीतून हे आलं असावं. मला हे पटतं, पण तो अंदाज आहे.

याच जागेचा बिघाड जन्मापासून असला तर बेकविथ-वीडेमान सिंड्रोम होतो. मोठी जीभ, बेंबीशी हर्निया, शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी, वजनदार बाळ. अशा मुलांना मूत्रपिंडाची विल्म्स गाठ, यकृताची हेपॅटोब्लास्टोमा आणि अ‍ॅड्रिनल कॉर्टेक्सची गाठ होण्याचा धोका वाढलेला असतो. म्हणून त्यांची पोटाची सोनोग्राफी ठराविक अंतराने करत राहतात.

आसावरी

धागा वाचताना हात थरथरत होते. माझी भाची तीन वर्षांची आहे. तिला जांघेत केस आले तेव्हा वहिनीने दोन ठिकाणी दाखवलं. एका ठिकाणी तेल कुठलं लावता विचारलं, दुसरीकडे सहा महिन्यांनी या म्हणाले. मग पोटाला हात लावताना आईंनाच (माझ्या) गोळा लागला. ऑपरेशन झालंय, गाठ पूर्ण निघाली असं सर्जन म्हणाले. पण रिपोर्टमध्ये चांगली की वाईट असं सरळ लिहिलेलंच नाही. ‘वर्तन अनिश्चित’ असं काहीतरी आहे. दादा-वहिनी रात्र रात्र जागी असतात. रिपोर्ट करणाऱ्यांना कळलं नाही का? आयजीएफ-२ ची तपासणी केली तर कळेल का?

मृण्मयी_प

आसावरी, आधी हे सांगते की गाठ फुटू न देता पूर्ण निघाली असेल तर सगळ्यात मोठं काम झालेलं आहे.

रिपोर्ट करणाऱ्यांना कळलं नाही असं नाही. ही गाठ सूक्ष्मदर्शकाखाली फसवी असते. पेशी भयंकर दिसतात, केंद्रकं वेडीवाकडी आणि भलीमोठी असतात, मोठ्या माणसात अशी स्लाइड दिसली तर कर्करोग म्हणून मोकळे होऊ, आणि तरी ते मूल पुढे अगदी ठणठणीत राहतं. म्हणून मुलांसाठी वेगळे निकष आहेत, २००३ चे, वायनेके यांच्या नावाने ओळखले जातात. एकूण नऊ गोष्टी बघतात. वजन ४०० ग्रॅमच्या वर आहे का, आकार १०.५ सेंटीमीटरपेक्षा मोठा आहे का, आवरण भेदून आजूबाजूला गेली आहे का, शिरांत किंवा मोठ्या महाशिरेत शिरली आहे का, आत मेलेला भाग आहे का, विभाजन पावणाऱ्या पेशी किती आणि कशा आहेत. यातल्या दोनपर्यंत सापडल्या तर साधी, चार किंवा जास्त तर घातक, आणि बरोबर तीन सापडल्या तर ‘अनिश्चित’. भाचीची गाठ बहुधा या तीनच्या घरात बसली असेल.

गाठ आमच्याकडे येते तेव्हा मी पहिल्यांदा ती वजनकाट्यावर ठेवते. पिवळट-तपकिरी, वर पातळ आवरण, कापली की मधे कधी रक्ताळलेला तर कधी राखाडी मऊ भाग. फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधीचं ते वजन रिपोर्टमध्ये हवंच. तुमच्या रिपोर्टमध्ये ते आहे का बघा. नसेल तर ऑपरेशनच्या कागदांत किंवा सीटीच्या मापांवरून अंदाज काढता येतो.

आयजीएफ-२ ची तपासणी मात्र या प्रश्नाचं उत्तर देणार नाही. वर लिहिलं तेच, मुलांत साध्या गाठीतही तो वाढलेला असतो. कुणी पैसे घेऊन ती करून दिली आणि ‘पॉझिटिव्ह’ आली तर घरात उगीच आकांत होईल.

तळेगावची_डॉक्टर

मी बालरोगतज्ज्ञ, मुलांच्या हार्मोन्सचं काम करते. मृण्मयी यांनी लिहिलंय त्याला पूर्ण दुजोरा. थोडं व्यवहाराचं सांगते.

अशा खुणा असलेल्या मुलाच्या रक्तात डीएचईए-एस, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल, १७-ओएच प्रोजेस्टेरॉन बघावं आणि पोटाची सोनोग्राफी त्याच आठवड्यात करून घ्यावी. गाठीसारखं दिसलं तर सुई घालून तुकडा काढायचा नाही. आवरण फाटलं आणि पेशी पोटात सांडल्या तर बरा होणारा आजार परत उलटतो. आणि अशी गाठ काढण्याचा अनुभव असलेल्या केंद्रातच ऑपरेशन व्हावं. लांब जावं लागलं तरी चालेल, तेवढा वेळ मिळतो.

दुसरी गोष्ट. गाठ कॉर्टिसॉल बनवत असेल तर दुसऱ्या बाजूची चांगली ग्रंथी झोपी गेलेली असते. गाठ काढल्यावर मुलाला हायड्रोकॉर्टिसोन द्यावंच लागतं आणि ते एकदम बंद करायचं नसतं. उलट्या, ताप, गळून जाणं दिसलं तर तातडीने दवाखाना गाठायचा. आसावरी, भाचीच्या बाबतीत हे विचारून घ्या.

अमेरिकेतल्या बालकर्करोग गटाने २००६ ते २०१३ मध्ये सत्तरहून अधिक मुलांना ठरलेल्या पद्धतीने उपचार दिले, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे लहान आणि पूर्ण निघालेल्या गाठींत फक्त ऑपरेशन केलं आणि पाच वर्षांनी ८६ टक्के मुलं आजार न उलटता होती. चौथ्या टप्प्यात, आजार पसरलेला असताना, हाच आकडा ७ टक्के. माझ्या मते पालकांनी यातून एवढंच घ्यावं की लवकर सापडणं हेच सगळ्यात मोठं औषध. दुसऱ्या टप्प्याचा आकडा ५३ आणि तिसऱ्याचा ८१ आहे, म्हणजे तिसरा चांगला! दुसऱ्यात गाठ मोठी पण पूर्ण निघालेली, म्हणून फक्त ऑपरेशन आणि आसपासच्या लसिकाग्रंथी काढणं एवढंच केलं होतं. तिसऱ्यात मायटोटेन (अ‍ॅड्रिनलच्या पेशी मारणारं औषध) आणि किमोही दिली होती. म्हणून मोठ्या गाठींत केवळ ऑपरेशनवर थांबावं का, हा प्रश्न आता गंभीरपणे विचारला जातो. मायटोटेन मुलांना सोसायला जड जातं हेही खरं.

कुरितिबाकर

नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त बरीच वर्षं दक्षिण ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात आहे. तिथल्या बालरुग्णालयाच्या परिसरात हा आजार लोकांना नावाने माहीत आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. पराना राज्यात आणि आसपास या गाठीचं प्रमाण जगाच्या १० ते १५ पट आहे. इथे आधी लोक शेतातल्या कीटकनाशकांकडे बोट दाखवायचे. मग २००१ मध्ये कळलं की जवळजवळ सगळ्याच आजारी मुलांमध्ये पी५३ या जनुकात (बिघडलेल्या पेशींना थांबवणारं किंवा संपवणारं जनुक) एकच बदल आहे. अभ्यासल्या गेलेल्या ३६ मुलांपैकी ३५ जणांत तो होता. एका जुन्या पूर्वजाकडून पिढ्यानपिढ्या आलेला.

नंतर इथल्या डॉ. बोनाल्द फिगेरेदो यांच्या गटाने पराना राज्यात नवजात बाळांच्या टाचेतून काढतात त्याच रक्ताच्या थेंबावर या बदलाची तपासणी केली. १,७१,६४९ बाळं तपासली, ४६१ जणांत बदल सापडला, म्हणजे ०.२७ टक्के. ज्या घरांनी होकार दिला त्यांच्या मुलांची नियमित तपासणी सुरू झाली. माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलीला असं बोलावणं येतं. ठरलेल्या दिवशी तो सुट्टी टाकून तिला नेतो, रक्त आणि सोनोग्राफी होते, दोघं बाहेर चीझचे गरम गोळे खातात आणि घरी येतात. तिला आजवर काही झालेलं नाही.

गोदाकाठ

कुरितिबाकर, माहिती मोलाची आहे, पण मला हे पटत नाही. ४६१ घरांना तुम्ही सांगितलंत की तुमच्या तान्ह्या बाळात दोष आहे. त्यातल्या किती जणांना गाठ होणार? बाकीच्यांनी आयुष्यभर धास्ती का बाळगायची?

कुरितिबाकर

सर, बहुतेकांना गाठ होत नाही हे बरोबर. इथेही यावर वाद झाला आणि अजून होतो. पण देखरेखीखाली असलेल्या मुलांत ज्या गाठी सापडल्या त्या लवकरच्या टप्प्यात सापडल्या, ऑपरेशनने बऱ्या होण्याजोग्या. वर डॉक्टरांनी ८६ आणि ७ चे आकडे दिलेत. आणि एका बाळामुळे घरातल्या मोठ्यांनाही कळतं की आपल्यात हा बदल आहे, त्यांना इतर कर्करोगांसाठी लक्ष ठेवता येतं. माझ्या सहकाऱ्याच्या बायकोचं असंच झालं.

मृण्मयी_प

सर, तुमची शंका रास्त आहे आणि जिथे हा बदल क्वचित आहे तिथे सरसकट सगळ्या बाळांची तपासणी करावी असं मीही म्हणणार नाही. परानात तीनशे-चारशे बाळांमागे एक, म्हणून तिथे ती योग्य वाटते.

या बदलाबद्दल थोडं, कारण वाढीच्या निरोपाशी त्याचा थेट संबंध आहे. पी५३ प्रथिनाच्या ३३७ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन येतं. पी५३ चे चार रेणू एकत्र जुळले तरच ते काम करतं आणि ही जागा नेमकी त्या जुळणीत आहे. २००२ मध्ये दिसलं की पेशीतली आम्लता नेहमीपेक्षा थोडी कमी झाली की ही जुळणी सैल पडते. नेहमीच्या परिस्थितीत ती बऱ्यापैकी टिकते, म्हणूनच बहुतेक लोकांना काही होत नाही. भ्रूणस्तर विरताना पेशी मोठ्या संख्येने मरायला हव्यात, त्यात पी५३ चा हात असतो. तिथेच तो कमी पडला आणि शेजारी आयजीएफ-२ ‘तगून राहा’ म्हणत असला तर ज्या पेशी जायला हव्या होत्या त्या राहतात. सेंट ज्यूडच्या त्या ३७ गाठींपैकी २८ मध्ये पी५३ बिघडलेला होता आणि सतराव्या गुणसूत्रावरची चांगली प्रत गेलेली होती. म्हणजे आजार एका कारणाने उभा राहत नाही. उंदरांच्या अ‍ॅड्रिनलमध्ये नुसता आयजीएफ-२ वाढवून पाहिला, तेवढ्याने कर्करोग झाला नाही.

आणि हा प्रश्न फक्त ब्राझीलचा नाही. इतर देशांतही ही गाठ झालेल्या मुलांपैकी साधारण निम्म्यांमध्ये पी५३ चा जन्मजात बदल सापडतो, वेगवेगळ्या जागी. त्याला ली-फ्राउमेनी सिंड्रोम म्हणतात, त्यात घरातल्यांना इतर कर्करोगांचाही धोका असतो. म्हणून ही गाठ झालेल्या प्रत्येक मुलाची पी५३ तपासणी व्हावी, घरात कर्करोगाचा इतिहास असो वा नसो.

मुक्ताई

माझ्या मुलालाही अ‍ॅड्रिनलचीच गाठ होती पण आम्हाला न्यूरोब्लास्टोमा सांगितलं होतं. लघवीची तपासणी केली होती, केस वगैरे काही नव्हते. आता सहावीत आहे, छान आहे. हेच सगळं त्याला लागू होतं का?

तळेगावची_डॉक्टर

मुक्ताई, वाचून फार बरं वाटलं. नाही, तो वेगळा आजार, ग्रंथीच्या आतल्या गाभ्याकडचा, मज्जापेशींच्या (नर्व्ह सेल्सच्या) कुळातला. त्यात लघवीत व्हीएमए आणि एचव्हीए ही गाठीतून येणारी द्रव्यं बघतात. वाढीचे निरोप तिथेही आहेत पण वेगळे. मज्जापेशींना वाढवणारा एनजीएफ हा घटक रिता लेव्ही-माँताल्चिनी यांनी शोधला, त्यासाठी स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत त्यांना १९८६ चं नोबेल मिळालं. त्याचा रिसेप्टर ट्रक-ए ज्या न्यूरोब्लास्टोमात भरपूर असतो त्या गाठी सहसा सौम्य वागतात, कधी कधी आपोआप विरतातही. ट्रक-बी जास्त असलेल्या गाठी आक्रमक. शिवाय एमवायसीएन आणि एएलके ही दोन जनुकं बघतात. २००८ मध्ये एएलकेमधले बदल सापडले आणि तिथे त्यावरची औषधं उपयोगात यायला लागली. म्हणजे एकाच ग्रंथीत, बोटभर अंतरावर, दोन अगदी निराळे आजार.

पी_व्हॅल्यू

मी औषधांच्या चाचण्यांच्या आकडेवारीचं काम करतो. सगळ्या गाठींत आयजीएफ-२ वाढलेला, रिसेप्टर माहीत, मग रिसेप्टर बंद करणारं औषध का नाही, असा प्रश्न पडेल म्हणून लिहितो. ते करून झालं. लिन्सिटिनिब नावाची गोळी आयजीएफ-१ रिसेप्टर आणि इन्शुलिन रिसेप्टर दोन्ही बंद करते. अ‍ॅड्रिनल कॉर्टेक्सचा पसरलेला कर्करोग असलेल्या १३९ प्रौढांवर तिची चाचणी झाली, ९० जणांना औषध आणि ४९ जणांना निष्क्रिय गोळी. २०१५ मध्ये निकाल आला. औषध घेतलेल्यांचं मध्यम आयुष्य ३२३ दिवस, न घेतलेल्यांचं ३५६. म्हणजे फायदा शून्य. फक्त तिघांमध्ये गाठ लक्षणीय लहान झाली. एवढ्या दुर्मीळ आजारात एवढी मोठी चाचणी उभी करणं हेच अवघड काम होतं आणि निकाल असा.

मृण्मयी_प

नेमकं लिहिलंत. मला त्या तिघांबद्दल नेहमी प्रश्न पडतो, त्यांच्या गाठींत काय वेगळं होतं? ते आधी ओळखता आलं असतं तर चाचणीचा निकालही वेगळा दिसला असता कदाचित.

मुलांच्या बाबतीत दार पूर्ण बंद झालेलं नाही असं माझं मत आहे. एक तर ती चाचणी प्रौढांची. प्रयोगशाळेत सगळे वापरतात ती एच२९५ पेशींची जातही १९८० मध्ये एका प्रौढ स्त्रीच्या गाठीतून घेतलेली. दुसरं, २०१० मध्ये मुलांच्या गाठींवर एक फार चांगला अभ्यास आला. मायआर-९९ए आणि मायआर-१०० हे दोन छोटे आरएनए निरोगी ग्रंथीत आयजीएफ-१ रिसेप्टर आणि एमटॉर, दोघांचंही उत्पादन आटोक्यात ठेवतात. गाठींत हे दोन्ही आरएनए घटलेले होते. म्हणजे आयजीएफ-२ वाढला, रिसेप्टर वाढला, पुढचा एमटॉरही मोकाट सुटला, एकाच वाटेवर तीन ठिकाणी. त्याच संशोधकांनी एमटॉर रोखणारं एव्हरोलिमस उंदरांतल्या गाठींवर दिलं तेव्हा वाढ मंदावली. उंदीर म्हणजे मूल नाही, हे मान्य. पण एका ठिकाणी अडवून पेशी दुसरी वाट धरत असेल तर दोन ठिकाणी अडवून बघणं सयुक्तिक आहे, आणि ते मुलांच्या गाठींपासून सुरू करून बघायला हवं, मोठ्यांचं उरलंसुरलं मुलांना देऊन नाही. याबाबतीत मला मनापासून राग येतो.

पी_व्हॅल्यू

सहमत. अडचण संख्येची. वर्षाला दहा लाख मुलांत एक रुग्णही होत नाही, म्हणजे कुठल्याही एका देशाला चाचणी जमणार नाही. ब्राझील, युरोप, अमेरिका आणि आपण एकत्र आलो तरच. जाता जाता : याच रिसेप्टरवरचं टेप्रोटुमुमॅब हे प्रतिपिंड आधी कर्करोगासाठी बनवलं होतं. तिथे जमलं नाही, पण थायरॉइडमुळे डोळे बाहेर येण्याच्या आजारावर अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली.

रानवारा

पी५३ ची तपासणी गाठीच्या तुकड्यावर होते की रक्तावर?

मृण्मयी_प

जन्मजात बदल आहे का हे कळायला रक्त किंवा लाळ लागते. गाठीत बदल सापडला तर तो फक्त गाठीपुरता आहे की सगळ्या शरीरात, हे त्यावरून ठरत नाही. मुलात सापडला तर मग आई, वडील, भावंडं. आधी जनुकीय समुपदेशकाशी बोलून, मगच.

आसावरी

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. रिपोर्ट परत काढून बघितला, वजन लिहिलंय, ९२ ग्रॅम. आवरण शाबूत असंही आहे. दादाला डॉक्टरांचा हायड्रोकॉर्टिसोनचा मुद्दा वाचून दाखवला, ते चालू आहे. वहिनीची मावशी तिशीत स्तनाच्या कर्करोगाने गेली, हे आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं कारण कुणी विचारलंच नाही. दुसरं मत घ्यायला मुंबईला जायचं ठरतंय. तिकडे काय काय न्यायचं?

तळेगावची_डॉक्टर

९२ ग्रॅम आणि आवरण शाबूत, म्हणजे लहान गाठींत मोडते. मावशींचं नक्की सांगा, पी५३ तपासणीसाठी ते फार महत्त्वाचं आहे. ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे हार्मोन्सचे आकडे तारखेसकट एका कागदावर लिहून न्या. डीएचईए-एस पूर्ण खाली आलं का ते सगळ्यात आधी विचारतील. सीटीचा नुसता रिपोर्ट नको, सीडी न्या. भाचीचे उंची-वजनाचे जुने आकडे लसीकरणाच्या पुस्तकात असतील, ते पुस्तकही.

मृण्मयी_प

आणि ज्या लॅबमध्ये तपासणी झाली तिथे अर्ज करून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) मागून घ्या. ते तुमच्या हक्काचे आहेत, सही करून देतात. दोन-तीनच नको, सगळे ब्लॉक मागा, कारण नऊपैकी एखादी गोष्ट एखाद्याच ब्लॉकमध्ये दिसते. प्रत्येकावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतोय का ते तिथल्या तिथे बघा. ब्लॉक मेणाचे असतात, फ्रीज लागत नाही, पण गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. स्लाइड काचेच्या, त्या कपड्यांच्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत न्या.